सिमेंटचा तुटवडा संपला, हिशेब संपला नाही

तळेगाव-चाकण रस्त्याने खेड तालुक्यातील महाळुंगे गावाकडे निघाले की बांधकामाच्या मालाची कमतरता आहे असे कोणी म्हणणार नाही. सिमेंटच्या गोण्यांचे ट्रक, खडीचे हायवा, सळईने लादलेले ट्रेलर आणि पोटात काँक्रीट फिरवत जाणारे मिक्सर यांनी रस्ता भरलेला असतो. एके काळी या भागात चाकण म्हटले की कांद्याचा बाजार आठवत असे. पुढे एमआयडीसी आली. बजाज ऑटोचा कारखाना महाळुंगेच्या हद्दीत सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना आला आणि मागोमाग सुटे भाग बनवणारे अनेक छोटे-मोठे उद्योग आले. कारखान्यांच्या शेडच्या पाठोपाठ कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या, दुकानांचे गाळे आणि चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या.

या बांधकामावर आपल्या समाजातील किती घरांची चूल पेटते हे वाचकांना सांगायला नको. सिमेंट-सळईचा दुकानदार, टाइल्सचा कारागीर, पीओपीवाला, सेंटरिंगवाला, फॅब्रिकेशनचे वर्कशॉप, प्लंबर, रंगारी हे सगळे आपल्यातलेच आहेत. म्हणून एका प्रश्नाचा विचार या पानावर व्हायला हवा. माल इतका मुबलक असताना बांधलेले घर पक्के निघेल याची खात्री का देता येत नाही?

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्यात बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये 'तारीक गार्डन' ही पाच मजली इमारत पडली आणि १६ जणांचा मृत्यू झाला. ती इमारत शंभर वर्षांची नव्हती, जेमतेम सात वर्षांची होती. त्यानंतर महिन्याभराच्या आत, २१ सप्टेंबर २०२० रोजी, भिवंडीत 'जिलानी' इमारत कोसळून चाळीसच्या आसपास माणसे दगावली. या तिन्ही वेळी देशात सिमेंटचा दुष्काळ नव्हता. उलट चीनच्या खालोखाल जगात सर्वांत जास्त सिमेंट भारतातच तयार होत होते. म्हणजे उत्पादनाचा आकडा आणि भिंतीची मजबुती हे दोन वेगळे हिशेब आहेत. ते वेगळे का राहतात हे समजण्यासाठी आधी दोन जुन्या बाजारांकडे पाहू. एक परक्या मुलखातला आहे, दुसरा आपल्या घरातला.

रशियातील टनांचा हिशेब

सोव्हिएत संघात बांधकाम साहित्याच्या उद्योगासाठी स्वतंत्र मंत्रालय होते. युद्धात शहरेच्या शहरे उद्ध्वस्त झाली होती आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब राहत होते. १९५० मध्ये त्या देशाचे सिमेंट उत्पादन सुमारे १ कोटी टन होते. १९६० मध्ये ते साडेचार कोटी टनांवर गेले आणि १९७० मध्ये साडेनऊ कोटींवर. १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच अमेरिकेला मागे टाकून सोव्हिएत संघ सिमेंटमध्ये जगात पहिला झाला. १९८९ मध्ये हा आकडा १४ कोटी टनांपर्यंत पोहोचला होता.

हे यश खोटे नव्हते. १९५४ मध्ये सरकारने कारखान्यात तयार काँक्रीटचे भाग ओतण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. भिंतीची पॅनेल कारखान्यात तयार व्हायची, ट्रकवर यायची आणि क्रेनने जोडली जायची. ख्रुश्चेव्ह यांच्या काळातील या पाच मजली इमारतींनी कोट्यवधी लोकांना प्रथमच स्वतःच्या दाराआडचे घर दिले. ज्या ताश्कंदमध्ये जानेवारी १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले, तेच शहर त्याच वर्षी २६ एप्रिलला भूकंपाने हादरले. सर्व प्रजासत्ताकांतून कामगार आणि साहित्य तिथे नेण्यात आले आणि काही वर्षांत शहर नव्याने उभे राहिले.

पण त्याच देशात एखाद्या माणसाला घराच्या डागडुजीसाठी थोडे सिमेंट, थोड्या विटा किंवा छपराचे पत्रे हवे असले तर दुकानात मिळत नसत. हजारो बांधकामे वर्षानुवर्षे अर्धवट पडून राहत. याचे मुख्य कारण हिशेबाच्या पद्धतीत होते. कारखान्याला वरून लक्ष्य मिळे, ते टनांत, नगांत किंवा मीटरमध्ये. लक्ष्य पुरे झाले की बोनस मिळे. माल पुढे कोणाच्या उपयोगाला आला की वाया गेला, याची जबाबदारी कारखान्यावर येत नसे. पोलादी पत्र्याचे लक्ष्य टनांत असले की पत्रा गरजेपेक्षा जाड निघे, कारण जाड पत्र्याने टन लवकर भरतात. कापडाच्या धंद्यातील लोकांना दुसरे उदाहरण लगेच पटेल. कापडाचे लक्ष्य लांबीच्या मीटरमध्ये दिले की पन्हा अरुंद ठेवण्याकडे कल होई. मीटर पुरे भरत, पण शिवणाऱ्याला त्यातून अंगरखा निघत नसे.

तंत्रातही हेच झाले. सिमेंट बनवण्याच्या जुन्या 'ओल्या' पद्धतीत चुनखडी व माती पाण्यात कालवून तो चिखल भट्टीत जातो. त्यातले पाणी उडवण्यासाठीच पुष्कळ इंधन जळते. 'सुक्या' पद्धतीत हा खर्च वाचतो. सोव्हिएत संघाचे बहुतेक सिमेंट शेवटपर्यंत ओल्या पद्धतीनेच होत राहिले. कारखाना बदलायला थांबले तर त्या वर्षाचे लक्ष्य चुकणार, आणि इंधनाचा खर्च कारखान्याच्या खिशाला जाणवत नव्हता.

७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात स्पिताक आणि लेनिनाकान या शहरांना भूकंपाने झोडपले. सुमारे २५ हजार माणसे मेली. लेनिनाकानमध्ये तयार खांब व तुळया जोडून बांधलेल्या नऊ मजली इमारती मोठ्या संख्येने जमीनदोस्त झाल्या, पण पॅनेलच्या इमारती बहुतांशी उभ्या राहिल्या. दोन्हींचे भाग कारखान्यांतच तयार झालेले होते. फरक रचनेचा आणि जोडणीचा होता. त्यानंतरच्या तपासात हलके काँक्रीट आणि निकृष्ट काम यांवर बोट ठेवले गेले. टनांचे लक्ष्य पुरे झाल्याचे कागद तेव्हा कोणाच्या कामी आले नाहीत.

आपल्याकडील कंट्रोलचा जमाना

हा दोष फक्त रशियाचा होता असे समजू नये. आपल्याकडेही सिमेंटची किंमत आणि वाटप अनेक वर्षे सरकारच्या हाती होते. मध्ये १९६६ ते १९६८ हा थोडा काळ सूट मिळाली, नंतर पुन्हा कंट्रोल आला. १९५०-५१ मध्ये देशाचे उत्पादन २७ लाख टन होते. तीस वर्षांनी, १९८०-८१ मध्ये, ते १ कोटी ८६ लाख टन झाले. आकडा वाढला, पण गरज त्याहून वेगाने वाढली. कारखान्यांना कधी कोळसा मिळत नसे, कधी वीज नसे, कधी रेल्वेच्या वाघिणी नसत. ठरवून दिलेल्या भावात नवा कारखाना काढणे परवडत नसे, म्हणून कोणी काढत नसे. शेवटी परदेशातून सिमेंट आणावे लागले.

ज्यांचे वय आज पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना तो काळ आठवत असेल. घराच्या ओट्यासाठी दोन-चार गोण्या हव्या असल्या तरी अर्ज, शिफारस, परमिट आणि मग वाट पाहणे. जो माल कंट्रोलच्या भावात मिळत नसे तो काळ्या बाजारात मिळे, आणि त्यात कितीदा राख किंवा दगडाची भुकटी मिसळलेली असे. जानेवारी १९८२ मध्ये बॅ. अ. र. अंतुले यांना महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या सिमेंट वाटपासंबंधीच्या निकालानंतर. त्या प्रकरणाच्या पुढच्या राजकारणात इथे शिरायचे नाही. व्यापाऱ्याने त्यातून एवढे लक्षात ठेवावे की माल कमी आणि भाव कागदावर असला की मालापेक्षा वाटपाच्या सहीला जास्त किंमत येते.

२८ फेब्रुवारी १९८२ रोजी केंद्र सरकारने अर्धा कंट्रोल उठवला. जुन्या कारखान्यांनी सुमारे दोन-तृतीयांश माल लेव्हीच्या भावात सरकारला द्यायचा आणि उरलेला खुल्या बाजारात विकायचा. नव्या कारखान्यांना लेव्ही निम्मीच. १ मार्च १९८९ पासून कंट्रोल पूर्ण गेला. परिणाम आकड्यांत दिसतो. १९९०-९१ मध्ये उत्पादन ४ कोटी ८८ लाख टनांवर पोहोचले, म्हणजे दहा वर्षांत अडीच पटींहून अधिक. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिथे चुनखडी आहे, आवारपूर आणि गडचांदूरचे मोठे कारखाने त्याच दशकातले. इंधनाचा खर्च आता मालकाच्या खिशातून जात असल्यामुळे आपल्याकडे ओली पद्धत जवळजवळ हद्दपार झाली. २०२३-२४ मध्ये देशाने ४२ कोटी टनांच्या वर सिमेंट तयार केले आणि तरीही कारखान्यांची क्षमता पुरी वापरली गेली नाही.

खुल्या बाजाराची स्वतःची दुखणी आहेत, हेही सांगितले पाहिजे. जून २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने संगनमताने भाव ठेवल्याबद्दल मोठ्या सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला आणि ते प्रकरण अपिलांमधून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तरी ग्राहकाला गोणी मिळत नाही ही तक्रार मात्र संपली.

तुटवडा सरकला, तो वाळूत

गोणी आली, पण गोणीने एकटीने घर होत नाही. पुणे जिल्ह्याची जमीन काळ्या बसाल्ट दगडाची, त्यामुळे खडीला तोटा नाही. सिमेंट चंद्रपूरकडून आणि कर्नाटकातील कलबुर्गीच्या पट्ट्यातून येते. अडचण वाळूची झाली. नद्या उपसून उपसून रित्या झाल्या. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणाची मंजुरी आवश्यक ठरवली. कायदेशीर वाळू कमी झाली आणि चोरीच्या वाळूचा भाव चढला.

२०२३ मध्ये राज्य सरकारने डेपोतून ६०० रुपये ब्रास या दराने वाळू देण्याचे धोरण आणले. हेतू चांगला होता. पण भाव खाली बांधला आणि माल पुरेसा नसला की काय होते, ते सिमेंटच्या कंट्रोलने आपल्याला आधीच शिकवले होते. एप्रिल २०२५ मध्ये सरकारनेच डेपोची पद्धत बंद करून लिलावाचे धोरण स्वीकारले. त्यात घरकुलाच्या लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद ठेवली. मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूच्या धोरणालाही मंत्रिमंडळाने मान्यता दिली.

चाकण पट्ट्यात बांधकाम तर आधीच क्रश सँडवर आलेले आहे. क्रश सँड वाईट माल नाही. २०१६ च्या भारतीय मानकाने तिला मान्यता दिलेली आहे. मात्र त्या मानकात बारीक धुळीला मर्यादा आहे. क्रशरखाली पडलेली डस्ट आणि नीट घडवलेली, चाळलेली, धुतलेली वाळू यांत फरक आहे. रंगावरून हा फरक ओळखू येत नाही. धूळ जास्त असली की कालवताना पाणी जास्त लागते आणि पाणी वाढले की ताकद घटते. डस्ट स्वस्त पडते म्हणून जो ठेकेदार ती स्लॅबमध्ये घालतो, तो सळई आणि सिमेंट या दोन्हींवरचा खर्च वाया घालवतो.

शेवटचा तुटवडा वेळेचा आणि पाण्याचा

महाळुंगेच्या रस्त्यावर आणखी एक तुटवडा रोज दिसतो, तो वेळेचा. तयार काँक्रीटचा मिक्सर प्लँटवरून भरून निघाला की मानकाप्रमाणे दोन तासांच्या आत माल उतरला पाहिजे. चाकणच्या चौकातील वाहतुकीची कोंडी वाचकांना ठाऊक आहे. गाडी अडकते, ऊन लागते, काँक्रीट घट्ट होऊ लागते. साइटवर पोहोचल्यावर कोणीतरी म्हणतो, पाइप लावा, थोडे पाणी सोडा. माल पातळ होतो, पंपातून सरसर जातो आणि सगळे खूश होतात. पण त्या क्षणी प्लँटने दिलेल्या ग्रेडचा कागद रद्दीत जमा झाला असे समजावे. ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी हे चांगल्या स्लॅबचे माप, तेही वाळूतला ओलावा धरून. घमेल्याने आणि अंदाजाने पाणी ओतणाऱ्याला हे माप कधी कळत नाही.

दुसरी गोष्ट, पाणी मारण्याची. सिमेंट वाळून घट्ट होते हा समज चुकीचा आहे. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, म्हणून त्याला ओले ठेवावे लागते. भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस ओले ठेवायला सांगते. आज किरकोळ दुकानात विकले जाणारे बरेचसे सिमेंट पीपीसी असते. कंट्रोलच्या काळात चोरून मिसळलेली राख ही भेसळ होती. आज कारखान्यात १५ ते ३५ टक्क्यांच्या ठरलेल्या प्रमाणात घातलेली वीज केंद्राची राख हा मानकाने मान्य केलेला माल आहे. पण हे सिमेंट हळूहळू ताकद धरते, म्हणून त्याला पाणीही जास्त दिवस लागते. उन्हाळ्यात जिथे टँकर विकत घ्यावा लागतो तिथे तीन दिवसांत पाणी बंद होते, चौथ्या दिवशी विटा चढतात आणि भाडेकरू लवकर येईल म्हणून मालक आनंदात असतो. मालाच्या बिलात त्याची काही बचत झालेली नसते, पण भिंतीची ताकद त्याने स्वतःच कमी करून घेतलेली असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने हाच धडा वेगळ्या रीतीने दिला होता. त्या गावांतील घरांच्या भिंती जाडजूड दगडाच्या होत्या. दगडाची कमी नव्हती, पण मातीत रचलेल्या त्या दगडांना एकमेकांशी धरून ठेवणारे काही नव्हते आणि वर मातीचे जड छप्पर होते. जवळपास दहा हजार माणसे गेली.

आपल्या हातात काय आहे

आता धंद्याच्या बाजूने बोलू. सिमेंट कंपनीचे भाव आपण ठरवत नाही, वाळूचे धोरणही आपण ठरवत नाही. पण कारखान्याच्या दारापासून भिंतीपर्यंतचा शेवटचा टप्पा बराचसा आपल्याच लोकांच्या हातून जातो. तिथे करण्यासारखे पुष्कळ आहे.

दुकानदाराने गोणीवर छापलेला आठवडा व साल पाहून माल घ्यावा आणि आधी आलेली गोणी आधी विकावी. गोण्या जमिनीवर व भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात आणि थर दहाच्या वर नेऊ नये. तीन महिने उलटलेल्या सिमेंटची ताकद चांगलीच घटलेली असते. ते स्लॅबसाठी विकणे म्हणजे कापडवाल्याने कसर लागलेला तागा घडी घालून देण्यासारखे आहे, फक्त इथे नुकसान पैशांवर थांबत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. पक्के बिल देण्याची जुनी टाळाटाळ सोडायला हे चांगले निमित्त आहे. इमारतीबाबत उद्या वाद उभा राहिला तर प्रामाणिक दुकानदाराला ते बिलच वाचवते.

मिस्त्री आणि ठेकेदाराने पाण्याचे माप ठरवून एक बादली त्यासाठीच वेगळी ठेवावी. वाळू घेताना स्लॅबची आणि प्लास्टरची वेगळी मागावी. पारदर्शक बाटलीत वाळू व पाणी हलवून ठेवले की वर बसणारा गाळाचा थर डोळ्यांना दिसतो. प्रयोगशाळेची ती जागा घेत नाही, पण खराब गाडी परत पाठवायला पुरेशी आहे. मालकाशी दर ठरवतानाच पाणी मारण्याचे दहा दिवस आणि त्याची मजुरी बोलून घ्यावी. नंतर मागितली तर कोणी देत नाही.

कामगाराने महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्यावी. १८ ते ६० वयाच्या, मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला ती करता येते. मंडळाचा पैसा बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून येतो, म्हणजे तो त्याच्याच कामातून जमा होतो. नोंद नसलेला कारागीर अपघात झाला की कोणाच्याच वहीत नसतो.

मालकवर्गाला, विशेषतः खोल्या बांधून भाड्याने देणाऱ्यांना, एवढेच सांगायचे की मंजूर नकाशा आणि इंजिनिअरची फी यांत केलेली बचत ही बचत नसते. मुंब्र्याच्या इमारतीत राहणारे आणि काम करणारे गरीब होते, त्यांना विचारायची संधीही मिळाली नाही.

मॉस्कोने २०१७ मध्ये आपल्या जुन्या पाच मजली इमारती पाडून रहिवाशांना नवी घरे देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्या इमारती घाईने बांधल्या होत्या, तरी बऱ्याच जणींनी पन्नास-साठ वर्षे लोकांना आसरा दिला. महाडची इमारत सात वर्षांत गेली. चाकण-महाळुंगे पट्ट्यात आज जे खांब उभे राहत आहेत त्यांचे वय किती असेल, हे सिमेंटच्या कारखान्यात ठरत नाही. ते वाळूच्या गाडीत, पाण्याच्या बादलीत आणि दहा दिवसांच्या धीरात ठरते. हा हिशेब ठेवणारा दुकानदार आणि मिस्त्री थोडा महाग वाटेल, पण चार कामे टिकली की पाचव्या कामासाठी लोक त्याचाच पत्ता विचारत येतील.